शिणलेल्यांचा सण

नाताळचा सण मुरुडसारख्या गावी फारसा गाजावाजा न करता येतो. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे आमचे बाजाराचे गाव. येथील वर्षाची मोजदाद पोळा, दसरा, दिवाळी आणि येळवस यांनी होते. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या भाषेत आला, आणि आमच्यापैकी पुष्कळांस तो शाळेच्या सुट्टीचे नाव म्हणूनच प्रथम ठाऊक झाला. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. तथापि ज्या दिवसांत हा सण येतो ते दिवस, आणि ज्या माणसांची कथा त्यात सांगितली जाते ती माणसे, ही आमच्या इतकी ओळखीची आहेत की त्या कथेस परकी म्हणावयास आमचे मन घेत नाही.

कथा सर्वश्रुत आहे. बादशहाने खानेसुमारीचा हुकूम काढिला म्हणून नासरेथचा योसेफ आपल्या गरोदर वाग्दत्त वधूस घेऊन बेथलेहेमास गेला. तेथे जागा मिळेना, आणि जन्मलेले बाळ गव्हाणीत निजवावे लागले. मराठी बायबलात या ठिकाणी 'उतारशाळा' हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'कातालुमा'. परंतु दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीत पैसे देऊन उतरण्याच्या जागेकरिता लूकने निराळाच शब्द योजिला आहे, आणि येशूने शिष्यांसह शेवटचे भोजन केले त्या खोलीस मात्र पुन्हा 'कातालुमा'च म्हटले आहे. यावरून कित्येक अभ्यासकांचे मत असे झाले आहे की, येथे एखाद्या घरातील पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी. हा अर्थ घेतला तर कथेचा रोख पालटतो. कोणा निष्ठुर सरायवाल्याने दार लोटले असे राहत नाही. घर पाहुण्यांनी भरलेले होते, तरीही गुरांच्या अंगास का होईना घरच्यांनी जागा काढून दिली, असे होते. आमच्याकडील जुन्या माळवदाच्या घरांत एका अंगास गुरे व दुसऱ्या अंगास माणसे नांदत. त्यामुळे हा अर्थ समजण्यास आम्हांस टीकाग्रंथांची गरज पडत नाही. स्वागतास ऐसपैस घर लागत नाही, हेच त्या गव्हाणीचे पहिले सांगणे आहे.

आता आमच्याकडील हे दिवस पाहा. दिवाळी सरली की मराठवाड्यातील सहस्रावधी कुटुंबे ऊसतोडीस निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवराबायकोच्या जोडीस तेथे 'एक कोयता' म्हणून मोजतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोणी कर्नाटकात, आणि कोणी आमच्याच मांजरेच्या खोऱ्यातील फडांवर येऊन उतरतात. फडाच्या कडेस पाचटाची अथवा ताडपत्रीची कोप उभी राहते. त्या कोपीतच चूल, त्यातच निजणे, आणि कधी कधी त्यातच बाळंतपण. नाताळच्या रात्री मोळ्यांनी लादलेल्या गाड्या कारखान्याकडे चाललेल्या असतात, आणि मोळ्यांवर बसून पेंगणारी बाई कोण, कोठली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

योगायोग असा की, याच सुमारास आमची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, येते. 2019 साली तर ही अमावस्या आणि नाताळ यांची गाठच पडली होती. येळवशीस लातूर, धाराशिव, नांदेडकडचा शेतकरी घरदार घेऊन शेतात जातो. कडब्याची कोप उभारून आत पांडवांची पूजा मांडतो. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा बेत होतो, आणि वाटेने जाणाऱ्यास हाका मारून जेवावयास बसवितात. ज्यास शेत नाही त्यास या दिवशी दुसऱ्याचे शेत आपले, अशी ही रीत आहे. तीतही पूर्वी पंक्तीचे भेद होते. कोणी कोपीजवळ, तर कोणी दूर बांधावर बसे. ते लपवून रीतीची थोरवी गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमच्या आजीची एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. एका येळवशीस शेजारच्या फडातील तोडकरी बाई कडेवर मूल घेऊन पाणी मागावयास आली. आजीने जेवावयास बोलाविले, तेव्हा ती मागे सरून म्हणाली, "न्हाई मावशी, अंगाला समदी माती हाय. मी हितंच बरी." आजी म्हणाली, "माती तर माझ्याबी अंगाला हाय माय, शेतात बसलेय मी. ये, बस." आणि आपले ताट उचलून तीच बांधावर तिच्याशेजारी जाऊन बसली. बाईने प्रथम मुलास आंबील पाजली, मग स्वतः जेवली. जाताना ती आभाराचे काही बोलली नाही. आजीनेही त्याची वाट पाहिली नाही.

शिणलेल्या माणसाचे स्वागत म्हणजे काय, हे महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंइतके फार थोड्यांस कळले असेल. 1874 च्या सुमारास त्यांचे आईवडील अन्नान्नदशेत वारले, आणि पुढे भावासह त्यांनी देशभर पायी भ्रमंती केली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अनाथ मुलींस त्यांनी आणिले व केडगावास आसरा दिला, त्यामागे ही स्वतःची ओळख होती. भूक त्यांनी अहवालांत वाचलेली नव्हती. अन्नाच्या आडून धर्म दिला जातो, असा आक्षेप त्या काळी मिशनऱ्यांवर आणि रमाबाईंवरही घेण्यात आला. अट घालून केलेले स्वागत हा सौदाच होय, इतके आम्हांसही मान्य आहे, आणि हा प्रश्न प्रत्येक अन्नछत्रास विचारला गेलाच पाहिजे. परंतु त्या मुलींस दुसरे कोणते दार उघडे होते, या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्या समाजावरही होती, आणि ते उत्तर समाधानकारक नव्हते.

ख्रिस्ती लोक ज्यास आशा म्हणतात ती उद्या सर्व ठीक होईल असा अंदाज नसावा, असे आम्हांस वाटते. जन्माची वार्ता प्रथम कळली ती रानात रात्री कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांस. वार्ता ऐकून ते बाळास पाहून आले आणि पुन्हा आपल्या कामास लागले. त्यांची राखण सुटली नाही, थंडी कमी झाली नाही. परंतु आपली कोणी आठवण केली, आपणांस प्रथम बोलाविले, एवढे घेऊन ते परतले. श्रमलेल्या व ओझ्याने वाकलेल्यांस येशूने पुढे जे बोलावणे केले, त्याचा आरंभ येथेच आहे.

उचल फेडण्यास आणि मजुरीचा दर वाढण्यास कायदा व संघटना हवी. एका ताटाने ते होत नाही. तरी फडात थंडीने काकडणाऱ्या कुटुंबास संघटना येईपर्यंत जेवावयाचे असते, आणि कोणाच्या तरी शेजारी बसावयाचेही असते. मुरुडच्या शिवारात या हंगामात ज्या कोपी पडतील, त्यांतील माणसांस येळवशीची एक हाक ऐकू गेली, तर नाताळ म्हणजे काय हे आमच्या गावास निराळे समजावून सांगावे लागणार नाही.