नडगीचे हाड

शरीरातील बहुतेक मोठ्या अस्थींना निसर्गाने स्नायूंचे जाड आवरण दिले आहे. परंतु गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उतरणारी नडगी, जी उभ्या देहाचा जवळजवळ सारा भार पावलापर्यंत पोहोचविते, तिच्या पुढच्या आतल्या अंगाला मात्र केवळ त्वचेचे पातळ पांघरूण लाभले आहे. अंधारात उंबऱ्याला नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते त्यामुळेच; आणि ती मोडली असता हाडाचे टोक त्वचा फाडून बाहेर येण्याचे भयही त्यामुळेच अधिक. त्यातून तिच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात भोवतालचे मांस विरळ, रक्ताचा पुरवठा तुटपुंजा, आणि म्हणून तेथला भंग सांधण्यास विलंब फार. जिच्यावर भार सर्वाधिक, तिच्याच रक्षणाचा बंदोबस्त इतका अपुरा असावा, याचे मला अद्याप नवल वाटते.

वाईच्या घाटावर आषाढातल्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून माझी उजवी नडगी मोडली. त्या प्रसंगात सांगण्याजोगे काही नाही. सांगावयाचे आहे ते मांडीपासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरमध्ये जखडलेल्या त्या पायाच्या आत पुढे काय घडत गेले ते. समाचाराला येणारी माणसे मोठ्या कळवळ्याने म्हणत, ‘आता काय, नुसतं पडून राहायचं!’ परंतु ज्या काळाला आपण नुसते पडून राहणे म्हणतो, तो देहाच्या दृष्टीने विलक्षण उद्योगाचा काळ असतो.

हाड मोडते त्याच क्षणी आतील रक्तवाहिन्या तुटतात आणि भग्न टोकांभोवती रक्त साकळते. मागोमाग सूज येते, ठणका लागतो; रोग्याला ही दोन्ही वैरी वाटतात, पण दुरुस्तीचा आरंभ तेथूनच होतो. मृत कण उचलून नेणाऱ्या पेशी तेथे रुजू होतात, केसाहून सूक्ष्म अशा नव्या रक्तवाहिन्या त्या गाठीत शिरतात, दोन-तीन आठवड्यांत तंतूंचा आणि कूर्चेचा एक मऊ सेतू दोन्ही टोकांना जोडू लागतो, आणि मग त्या सेतूत चुन्याचे क्षार साठत साठत तो हळूहळू अस्थिरूप होतो. क्ष-किरणांच्या फोटोत भंगरेषेच्या कडेने अभ्रासारखी धूसर छाया दिसू लागली की डॉक्टर ‘हाड धरतंय’ म्हणतात, आणि हे दोन शब्द ऐकण्यासाठी रोगी किती आतुरलेला असतो, ते त्याच्या शेजारी बसलेल्यालाच ठाऊक. हाड पुरते जुळावयास प्रौढ माणसाला तीन-चार महिने लागतात, कित्येकदा अधिकही. आणि त्यानंतरही जास्तीचे झिजविणाऱ्या व उणे भरून काढणाऱ्या पेशींचे काम कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालूच राहते. त्वचेची जखम भरते ती वण ठेवून; हाड मात्र हाडानेच भरून येते.

ही मुदत कोणाही धन्वंतरीला कमी करता आलेली नाही, हे आपल्या पूर्वजांना चांगले उमगले होते. सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सेत बाल्यात सांधा महिन्याने स्थिर होतो, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे सांगितले आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि वेळू यांची बंधने तेथे आहेत. मांडी व नडगी मोडलेल्या रोग्याला फळीवर निजवून पाच ठिकाणी खुंट्या ठोकून पाय अचल करण्याची तजवीज आहे. आणि बंधन सैल असता सांधा स्थिर होत नाही, अति घट्ट असता सूज, वेदना व पाक होतो, हा इशाराही आहे. हाड देह जोडतो, वैद्याने टोके जुळवून ती निश्चल राखावयाची, हे त्यामागचे तत्त्व मला आजही अढळ वाटते.

मात्र निश्चल राखणे पुरे पडत नाही अशी एक अवस्था होती. त्वचा फाटून झालेल्या भंगात जखम कुजे, आणि पाय किंवा प्राण, दोहोंपैकी एक बहुधा गमवावा लागे. 12 ऑगस्ट 1865 रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला आणले. गाडीचे चाक जाऊन त्याची डावी नडगी मोडली होती व वर जखम होती. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी त्या जखमेवर ठेवली. ती कुजली नाही, आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले. जंतुविरोधी शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आरंभ एका गरीब पोराच्या नडगीपाशी आहे, हे मला परम आदराचे वाटते.

प्लास्टर उतरले तेव्हा आतून निघालेला पाय कृश, कोरडा आणि परका दिसला. पोटरीचे मांस झडले होते, घोटा वळेना. कुबड्यांवर उभा राहून मी तो जमिनीपासून अधांतरी धरीत होतो, तेव्हा तरुण डॉक्टर म्हणाले, ‘काका, आता पाय टेका. भार मिळाल्याशिवाय हाड पक्कं व्हायचं नाही.’ हे खरेच आहे. बर्लिनच्या जूलियस व्होल्फ यांनी 1892 साली मांडले की अस्थीची रचना तिच्यावर पडणाऱ्या भाराला अनुसरून घडते. विश्रांतीची मुदत संपली की भीतीपोटी ती वाढविणे हे त्या हाडाचेच अहित आहे.

धीर हे या दुखण्याचे अर्धे औषध खरे. परंतु एका बाबतीत तो मुळीच धरू नये. बंधन बांधल्यावर, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, वेदना उतरण्याऐवजी वाढत चालल्या, बोटे बधिर, पांढुरकी वा निळसर झाली, किंवा ती किंचित ताणताच असह्य कळ येऊ लागली, तर पाय आतून आवळला जात आहे असे समजावे. सकाळची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, रोग्याला तत्काळ इस्पितळात न्यावे.