रक्ताचा आपपरभाव

रक्तदान शिबिरांच्या फलकांवर 'रक्ताला जात नसते' हे वाक्य हटकून आढळते. गोवंडीसारख्या, नाना प्रांतांतून आलेल्या माणसांनी वसवलेल्या उपनगरात ते वाचताना बरे वाटते. वाक्य खरेच आहे. परंतु रक्ताला आपपरभाव असतो. तो कसा घडतो याची साक्ष आमच्याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका रक्तगटात सापडते.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. ए, बी, ओ या गटांच्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाची एक शर्करारचना कमीअधिक प्रमाणात असतेच. या गटात मात्र ती नसते. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' भासते. तरीही अशा व्यक्तीस 'ओ' रक्त चढवले तर प्राणावर बेतते, कारण तिच्या रक्तात 'एच'विरुद्ध प्रतिपिंडे असतात.

ती इतरांच्या रक्तात का नसतात? प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी अस्थिमज्जेत जन्म घेतात. प्रत्येक पेशीचा ग्राहक-रेणू जनुकांच्या तुकड्यांच्या यदृच्छ जुळणीतून घडतो. साहजिकच कित्येक ग्राहक स्वतःच्याच शरीराला चिकटतात. २००३ सालच्या एका संशोधनात माणसाच्या अगदी कोवळ्या बी-पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के अशा स्वविरोधी आढळल्या. अशा पेशीला ग्राहक पुन्हा घडवण्याची संधी मिळते. तेवढ्याने भागले नाही तर ती मरते. बंध दुबळा असल्यास जगते, पण बधिर होऊन. ही गाळणी फसली की ल्युपससारखे विकार उद्भवू शकतात.

म्हणजे कोणतीही बी-पेशी 'स्व' म्हणजे काय हे जाणून जन्मत नाही. घडणीच्या काळात जे सभोवती असते, ते तिचे 'स्व' ठरते. 'बॉम्बे' गटाच्या शरीरात 'एच' कधी भेटतच नाही, म्हणून तो परका.

'बाहेरून आलेल्यां'ना समाजशरीरात शिरलेले जंतू म्हणण्याची रीत आपल्या व्यासपीठांवर जुनी आहे. रूपकांची चिकित्सा करणे हा आम्हां साहित्याच्या अध्यापकांचा व्यवसायच. शरीराचे रूपक घ्यायचेच असेल तर ते अर्धे घेऊ नये. शरीर परक्यावर शस्त्र उगारण्यापूर्वी आपल्यावरच उलटणारी शस्त्रे निवडून काढते, आणि 'आपले' कोण हे सहवासावरून ठरवते. गोवंडीच्या गल्लीत चार भाषा ऐकत वाढलेल्या मुलाला त्यांतली परकी कोणती, हे बाहेरून कोणीतरी येऊन सांगावे लागते.