शहामृगांच्या गावी

शहामृग पक्षी असूनही उडत नाही, एवढे ज्ञान मला मराठी तिसरीतच मिळाले होते. पण का उडत नाही, हे कळायला दक्षिण आफ्रिकेतल्या औट्सहोर्नला जावे लागले.

दोन डोंगररांगांमधला हा कोरडा, खुरट्या झुडपांचा मुलूख पाहून मला आपला माणदेश आठवला. गावातले दगडी वाडे मात्र पिसांच्या पैशावर उभे राहिलेले! युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर शहामृगाची पिसे डुलत होती, तोवर येथे सोन्याचा धूर निघत होता. १९१४ साली बाजार कोसळला आणि कित्येक लक्षाधीशांचे दिवाळे वाजले.

शहामृग पाळणाऱ्या एका मळ्यावर म्हाताऱ्या राखणदाराने माझ्या हातात पीस ठेवले. फुंकर घातली, तर ती आरपार गेली! कावळ्याचे पीस विस्कटले तरी बोटांनी पुन्हा सांधता येते. त्याच्या तंतूंना बारीक आकडे असतात, म्हणून ते वारा धरते. शहामृगाच्या पिसाला ते आकडेच नाहीत.

मग त्याने सांगाडा दाखवला. कोंबडीच्या छातीचे उभे हाड आपण ताटात पाहिलेले असते. उडण्याचे दांडगे स्नायू त्यालाच धरून असतात. शहामृगाची छाती तराफ्यासारखी सपाट. सारे बळ पायांत! पायाला बोटे दोनच, पण धाव ताशी ७० किलोमीटरपर्यंत. पंख उरले ते धावताना तोल सावरायला आणि मादीपुढे मिरवायला.

"तुमच्या देशात शहामृग आहेत का?" म्हाताऱ्याने विचारले.

मी "नाहीत" म्हणालो आणि ओशाळलो. माझे आजोळ चाळीसगावचे. तेथून जवळच पाटणे. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी ह्यांना तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. एका तुकड्यावर तर रेघांची नक्षी कोरलेली, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची! लहानपणी पाटणादेवीच्या वाटेवर मी करवंदे खात हिंडलो, त्याच भागात कोणीतरी अंड्यावर रेघा ओढत बसला होता.

हे ऐकून म्हाताऱ्याने साधाच प्रश्न केला, "मग गेले कुठे?"

मला उत्तर देता आले नाही. डोळ्यांपुढे आला तो माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तरुणपणी मी तो पाहिला होता. शहामृगासारखाच पायी हिंडणारा, पण जड अंग उचलून उडूही शकणारा. त्याला पायही आहेत आणि पंखही. तरी काय उपयोग? माळ नांगराखाली गेले आणि वर विजेच्या तारा आल्या. उडताना समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. दिसली तरी जड देह चटकन वळत नाही. नान्नजला आज त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

औट्सहोर्नचे ते पीस माझ्या टेबलावर आहे. नातू येता-जाता त्यावर फुंकर घालतो. उद्या त्याने "आजोबा, आपल्याकडे माळढोक आहे का?" असे विचारले, तर मला "आहे" म्हणता यावे, एवढेच मागणे आहे.