पन्नास डॉलरची बंदूक

आमच्या घरातलं आजवरचं सर्वांत जहाल हत्यार म्हणजे सासूबाईंनी सांगलीहून आणलेली विळी. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात समर कँपहून परतलेल्या आमच्या अकरा वर्षांच्या कन्येने "बाबा, मला काउबॉय गन हवी, बीबी मारणारी," असं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा क्षणभर कोणी घासच घेतला नाही. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मंडळाच्या सभासदांना परिचित असेलच!

माझी पंचाईत अशी, की नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. लहानपणी पालीच्या खंडोबाच्या यात्रेत बाकीची मुलं पाळण्याकडे धावत आणि मी फुग्यांच्या स्टॉलकडे. तिथल्या छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी मुद्दाम वाकवलेली असते, तेव्हा नेम वीतभर डावीकडे धरायचा, हे मामांचं शास्त्र मला अजून पाठ आहे. शिवाय कन्येने कँपवरचे सगळे नियम नीट पाळले होते. तेव्हा "बघू या" म्हटलं आणि इंजिनिअरच्या सवयीने तक्ता मांडायला बसलो.

वेस्टर्न सिनेमातल्यासारखी, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली ओढून भरायची हवेची बंदूक घ्यायची, तर स्वस्तातल्या बाजारात ढोबळ मानाने दोन जाती दिसतात. पहिली स्प्रिंगची. कडी ओढली की स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की पिस्टन सुटतो आणि त्याच्यापुढची हवा गोळीला ढकलते. डेझी कंपनीची 'रेड रायडर' ही यातली आजीबाई, १९४० सालापासूनची. किंमत पन्नास डॉलरच्या आसपास. दुसरी जात कार्बन डायॉक्साइडची. उदाहरणार्थ उमारेक्सची 'लेजंड्स काउबॉय'. हिच्या दस्त्यात बारा ग्रॅमच्या दोन नळकांड्या बसतात. गोळ्या खऱ्या काडतुसासारख्या पुंगळ्यांत भरायच्या, आणि कडी ओढली की वापरलेली पुंगळी टुणकन बाहेर उडते. अगदी जॉन वेन! किंमत मात्र आजीबाईच्या कितीतरी पट.

या आजीबाईचं आमच्या मिशिगनशी जुनं नातं आहे. डेट्रॉइटजवळच्या प्लिमथ गावात १८८२ साली लोखंडी पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी निघाली. पुढे पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला ते एक हवेची बंदूक भेट देऊ लागले. झालं काय, की गिऱ्हाइकांना पवनचक्कीपेक्षा बंदूकच जास्त आवडली! १८९५ साली कंपनीने पवनचक्कीचं नाव टाकलं आणि ती 'डेझी' झाली. १९५८ मध्ये ती आर्कान्सासमधल्या रॉजर्स गावी गेली. रेड रायडर हे नाव फ्रेड हार्मनच्या काउबॉय चित्रमालिकेतलं. म्हणजे ही 'वेस्टर्न' बंदूक जन्माने आपल्यासारखीच मिडवेस्टची रहिवासी.

आता थोडं गणित. रेड रायडरची गोळी पोलादाची, साडेचार मिलिमीटरची, वजन ग्रॅमच्या एक तृतीयांश. कंपनी वेग सांगते सेकंदाला ३५० फूट. म्हणजे ऊर्जा दोन जूलच्या थोडी खालीच. पत्र्याच्या डब्याला टोचा पडायला तेवढी पुरते, आणि डोळा जायलाही पुरते. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे नेमबाजीच्या मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. पण लहान मुलांच्या बीबी स्पर्धा पाच मीटरवरूनच होतात, आणि पाच मीटर आमच्या बेसमेंटमध्ये आरामात मिळतात.

गॅसवालीचा वेग जास्त, पण तिची तऱ्हा निराळी. नळकांडीतला दाब वीस अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार असतो, तो शून्य अंशाला ३५ बारवर येतो. म्हणजे मिशिगनच्या थंडीत बाहेर नेली की बंदूक निम्मी ढेपाळणार. शिवाय नळकांड्या सतत विकत आणायच्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

तक्ता पुरा झाला तेव्हा सौ. मागे येऊन उभी राहिली. तिने एकच प्रश्न विचारला : "लांबून कशी दिसते?"

मंडळी, हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी, इथून तीन तासांवरच्या क्लीव्हलंडमध्ये, टमीर राइस नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बागेत खेळण्यातली एअरसॉफ्ट बंदूक घेऊन होता. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या बंदुकीचं नारिंगी टोक निघालेलं होतं. बीबीच्या बंदुकांना तर ते टोक लावण्याची सक्ती केंद्रीय कायद्यात मुळातच नाही. आपली मुलंही सावळी आहेत. शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं तर त्याला जूलचं गणित दिसत नाही, दिसते फक्त आकृती.

या नजरेने तक्ता पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आलं, की या बाजारात जास्तीचे पैसे मोजायचे ते मुख्यतः खऱ्यासारखं दिसण्यासाठी. पुंगळी उडते, धातू जुनाट दिसतो, वजन खऱ्यासारखं लागतं. आणि आपल्या घराला नको आहे ते नेमकं हेच. रेड रायडर तेवढी हुबेहूब नाही, हाच तिचा गुण. अर्थात रस्त्यापलीकडून तीही बंदूकच वाटेल. म्हणून ती घेतली ती अटींसह. बंदूक बेसमेंटबाहेर जायची नाही, न्यावीच लागली तर बंद पेटीत, तेही आमच्यापैकी एकाबरोबर. सगळ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा. पोलादी गोळी कठीण वस्तूवरून उसळून परत येते, म्हणून निशाणामागे चिंध्यांनी ठासून भरलेलं खोकं. या बंदुकीत गोळ्या गुरुत्वाकर्षणाने घरंगळत येतात, कडी ओढताना नळी वर धरावी लागते. तेव्हा एकदा गोळी सुटली नाही म्हणजे बंदूक रिकामी, असं कधीच धरून चालायचं नाही.

घेण्यापूर्वी आपापल्या गावचे नियम जरूर विचारा. न्यू जर्सीत बीबी गनही कायद्याने बंदूकच ठरते आणि परवाना लागतो, न्यूयॉर्क शहरात तर त्याहून कडक.

साताऱ्याहून माझ्या वडिलांचा फोन आला, तेव्हा त्यांना मात्र यातलं काहीच गंभीर वाटलं नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली, मग नात का नाही, असं त्यांचं म्हणणं. नात सध्या सोड्याच्या डब्यांवर समाधानी आहे.

परवा सौ.नेही चष्मा चढवून पाच गोळ्या मारल्या. पाचही डबे आडवे. बंदुकीच्या कपाटाची किल्ली मात्र अजून तिच्याच कडे आहे, आणि ती तिथेच राहावी असं माझं मत आहे.