इंग्रजीतला मी

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला भेटायची. पहिलीपासून ती 2000 साली सुरू झाली, तोवर आमच्या लेकरांच्याही शाळा आटपत आल्या होत्या. अकोल्यातल्या त्या वर्गात सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले अन् मोठ्यानं वाचले : आय, माय, मी. सारा वर्ग फिदीफिदी हसला. आमच्याकडे आय म्हणजे आई, माय म्हणजेही आई आणि मी म्हणजे तिचं पोट्टं. अख्खं घरच फळ्यावर!

"हसू नका बे," सर म्हणाले. "हा मी आपला नाही. हा 'मले' व्हय."

तेव्हापासून त्याची-माझी ओळख. स्वभावानं गरीब. वाक्याच्या दारात उभा राहत नाही. क्रियापदाला पुढे जाऊ देतो आणि मागून येतो. कोणी दिलं तर घेतो, कोणी हाणलं तर खातो. टू, फॉर, विथ यांच्यापैकी कोणीही बोट धरलं की मुकाट चालू लागतो. कर्तेपण सगळं आयकडे. तो वाक्यात कुठंही असो, थोरल्या अक्षरातच. लग्न आटोपलं तरी फेटा न उतरवणाऱ्या मामासारखा.

पंचाईत अशी की वऱ्हाडी माणूस दिवसभर 'मले'च असतो. मले भूक लागली, मले झोप आली, मले पोहे आवडतात. भूक येऊन आपल्याला लागते, त्यात आपण काय केलं? इंग्रजीत मात्र भुकेचाही धनी आय. 'मी लाइक पोहे' लिहिलं तर वहीत तांबडी रेघ. साहेबसुद्धा एके काळी 'मीथिंक्स' म्हणायचा, म्हणजे चक्क 'मले वाटते'. हे तेव्हा माहीत असतं तर सरांशी भांडलोच असतो.

रेघांची धास्ती अशी बसली की पुढं मी या गड्याला हाकलूनच लावलं. अमरावतीला कॉलेजात भाषण ठोकताना ऐटीत 'बिटवीन यू अँड आय' म्हणालो. पुढच्या रांगेत एक प्राध्यापक हसले. का, ते कळायला वर्ष गेलं. ही चूक जातिवंत इंग्रजही करतो, तीही अशाच धास्तीनं. शाळेतल्या सरांचा तोडगा मी विसरलो होतो. 'गिव्ह इट टू सुरेश अँड आय' असं कोणी लिहिलं की ते म्हणत, "सुरेशले घरी धाड, मंग वाच." उरायचं 'गिव्ह इट टू आय'. कानच नको म्हणायचा.

खरं तर हा आपला भाऊबंदच. संस्कृतात अहम् एका घराण्यातला. माम्, मया, मम दुसऱ्या. इंग्रजीतले आय आणि मी यांचीही तीच वाटणी. मराठीनं अहमला गादीवरून उठवलं. तो आता अहंकारात तेवढा उरलाय. गादीवर बसला मया. 'माझ्याकडून' एवढंच म्हणणारा तो नम्र माणूस झिजत झिजत 'मी' झाला. आपल्याला गादी मिळाली, इंग्रजीतला भाऊ अजून ओसरीवर. 1762 साली रॉबर्ट लौथ नावाच्या पाद्र्यानं व्याकरण लिहिलं, त्यात 'टू बी' या क्रियापदापुढं कर्त्याचंच रूप हवं असा दंडक घातला. म्हणजे दारावरच्या माणसानं 'इट इज आय' म्हणायचं. असं कोण म्हणतं बाप्पा?

परवा अमरावतीहून परतताना गाडीला उशीर झाला. रात्री अकोल्यात घराचं दार वाजवलं. सुट्टीसाठी पुण्याहून आलेली नात आतून ओरडली, "हू इज इट?"

"मी," म्हटलं.

तिला ते इंग्रजी वाटलं, तिच्या आजीला मराठी. कडी निघाली.