आपलं, आमचं आणि आपाचं एक एकर

शाळेत इंग्रजी शिकायला लागलो तेव्हा 'हॅव' या क्रियापदानं मला फार छळलं. शब्द एकच, पण त्यात बहीण बसते, छत्री बसते, ताप बसतो आणि मोकळा वेळही बसतो. मराठीत असं चालत नाही. मला बहीण आहे. माझ्याकडे छत्री आहे. 'माझ्याकडे बहीण आहे' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की ती दोन दिवस राहायला आलीय.

आमच्या घरात दखनी बोलतात. तिथंही तोच भेद: 'मेरेकू एक बहन है', पण 'मेरे कने छत्री है'. लखनौकडचा माणूस 'मेरी एक बहन है' म्हणेल. आमच्या 'मेरेकू'वर शेजारच्या 'मला'ची सावली पडली असावी, असं आपलं मला वाटतं. अरबीतही रोजच्या बोलण्यात 'हॅव' लागत नाही. 'इंदी' म्हणजे माझ्यापाशी, 'ली' म्हणजे मला, माझ्यासाठी. मदरशाच्या पावतीवर 'लिल्लाह' छापलेलं असतं, त्यातला 'लि' तोच.

फारसीत मात्र 'दाश्तन' हे बाळगण्याचं क्रियापद आहे. त्यातलं 'दार' आपण उचललं आणि दुकानदार, वतनदार, जमीनदार करत सुटलो. सातबारावरचा 'भोगवटादार' तर अर्धा इथला, अर्धा तिथला. माणूस कसतो, उपभोगतो, एवढंच तो शब्द सांगतो. सातबारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय. गावात कुणाला ते पटत नाही. 'मालमत्ता'मधला 'मत्ता' हा अरबी 'मताअ', म्हणजे काही काळ वापरायची चीज. म्हणजे शब्द आधीपासून बजावत होतेच, आम्हीच ऐकलं नाही.

आमच्या सातबारावर भोगवटादार म्हणून अब्बांचं नाव होतं. पाच एकर. अम्मा आधीच गेलेल्या. अब्बांच्या इंतकालनंतर वारस नोंद झाली आणि आम्हा तिघांची नावं लागली: मोठे भाई, आपा आणि मी. शरियतचा हिशेब सोपा होता. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. भाईंना दोन एकर, मला दोन, आपाला एक. एवढा सरळ भागाकार वाट्याला येणं हे नशीबच. पण भाईंनी हक्कसोडपत्र तयार करून आणलं. 'रिवाज आहे,' म्हणाले. आणि रिवाज आहेच. नमाज-रोज्यात तसूभर फरक न करणाऱ्या घरांतही बहिणीच्या वाट्याला सगळे गप्प होतात. मीही गप्प होतो. माझ्या वाट्यालाही अर्धा एकर येणार होता, हे लिहून टाकलेलं बरं.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात टोकन घेऊन बसलो. सरकारी ऑफिसात आम्ही एकमेकांशीसुद्धा मराठीतच बोलतो. समोरच्याला परकं वाटू नये म्हणून लागलेली सवय. भाई कागद पुढं करत म्हणाले, "आपा, आमच्या जमिनीचा कागद आहे, इथं सही कर."

आपा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिनं कागद घेतला, वाचायला लागली. मग मान वर न करता दखनीत म्हणाली, "हमारी बोले होते तो चलता. आमची कायकू बोले?"

भाईंना कळलंच नाही. मला कळलं. आमच्या घरच्या दखनीत 'हमारी' म्हटलं की त्यात सगळे मावतात. मराठीनं मात्र दोन खोल्या केल्यात. 'आपली' म्हटलं की ऐकणारा आत येतो, 'आमची' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो. ज्या शेतातल्या विहिरीवर तिनं आम्हा दोघांना आंघोळी घातल्या, ते शेत एका शब्दानं तिचं राहिलं नव्हतं. भाई वाईट मनानं बोलले नव्हते. तसं बोलले असते, तर मला इतकं लागलं नसतं.

त्या दिवशी सर्व्हर बंद पडला. अंगठे, फोटो, सगळंच राहिलं. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि त्या एकाच शब्दात अडकलो: हक्क-सोड-पत्र. अरबीत 'हक्क' म्हणजे वाटा, अधिकार, आणि 'हक्क' म्हणजे सत्यही. मराठीत येताना दुसरा अर्थ वाटेत कुठंतरी गळून पडला.

आठवड्यानं भाईंना सांगितलं, माझ्या नावे आपाचा अर्धा एकर नको. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. दोन महिने झाले.

परवा आपाचा फोन आला. मला वाटलं, खूश असेल. तिनं पहिलंच विचारलं, "भाई से बात हुई क्या?" नाही म्हटलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेरेकू दो भाई हैं, बोलके सासर में सबकू बोलती मैं. एक एकर के वास्ते एक भाई कम नको होना."

सही करते म्हणाली. मी म्हटलं, कागद माझ्याकडे आहे, शोधावा लागेल. खरं तर तो समोरच, फाईलमध्ये होता.