अंगावरचे उतरवताना

परवा जिंतूरहून भाच्याचा फोन आला. आयटीआय झालेला, चाकणच्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झालेली, पुढल्या आठवड्यात निघायचे. खोली कुठे मिळेल, डबा कुठे लावावा, हे त्याने विचारले नाही; ते त्याने मित्रांकडून आधीच कळून घेतले होते. त्याचा प्रश्न निराळा होता. "मामा, कपडे कोणते आणू?"

कपड्यांच्या बाबतीत आमचा सल्ला घेण्याची आमच्या नातलगांत जुनी रीत आहे. लग्नाला कोणत्या रंगाचा कोट, बारशाला काय, साहेबांच्या घरी जाताना पायांत चप्पल की बूट, अशा प्रश्नांवर आम्ही गेली तीसेक वर्षे मुक्तहस्ते मते देत आलो आहोत. या वेळी मात्र उत्तर चटकन सुचेना. "उद्या सांगतो," म्हणून फोन ठेवला. कारण जवळजवळ हाच प्रश्न आम्हांला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि आमचे उत्तर सपशेल चुकले होते.

ती गोष्ट १९९६ सालची. आमच्या सासुरवाडीकडचा एक मुलगा नोकरीच्या शोधात चिंचवडला आमच्याकडे येऊन राहिला होता. टर्नरचा कोर्स केलेला, हाताने चांगला, बोलण्यात मागे. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमधून त्याला मुलाखतीचे बोलावणे आले. आम्ही कंबर कसली. मुलाखतीला कसे जावे यावर एका मासिकात आलेला लेख आम्ही नुकताच वाचला होता, आणि त्यातले सारे ज्ञान त्या बिचाऱ्याच्या अंगावर चढवले. पिंपरी कॅम्पातून पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणला. काळी पँट, तिला खाली दुमड, कारण त्या वर्षी आम्हांला ती रुबाबदार वाटत असे. चकचकीत चामडी बूट. मनगटावर आमचे स्टीलच्या पट्ट्याचे घड्याळ. आणि गळ्यात आमचाच एक तपकिरी कंठलंगोट. बोटात अंगठी होती ती त्याची स्वतःची, म्हणजे वडिलांची. वडील गेल्यावर आईने ती सोनाराकडून त्याच्या मापाची करून त्याच्या बोटात घातली होती.

मालक स्वतः लेथवर उभा होता. अंगात तेलकट अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर खडूचा तुकडा. खुर्ची नाही, टेबल नाही. त्याने एक लोखंडी गोल बार पुढे केला आणि वीस मिलिमीटरवर आणायला सांगितले. मग त्याची नजर वरपासून खालपर्यंत फिरली. "हे सगळं उतरव आधी." टाय उतरला, घड्याळ उतरले, बाह्या कोपरावर चढल्या. अंगठी निघेना. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिले. मालक माणूस भला असावा, कारण त्याने पंधरा मिनिटे वाट पाहिली. पण शेवटी म्हणाला, "अंगठी निघाल्याशिवाय माझं चक फिरणार नाही." मुलगा परत आला. त्याचे काम कुणी पाहिलेच नव्हते.

त्या रात्री आमच्या पत्नीने त्याच्या बोटाला पेराच्या बाजूने दोरा घट्ट गुंडाळला, दोऱ्याचे टोक अंगठीखालून ओढून घेतले, आणि तो उलगडत उलगडत अंगठी बाहेर काढली. मुलगा रडला. बोट दुखले म्हणून असावे, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. अंगठी देव्हाऱ्यात गेली. पंधरा दिवसांत त्याला दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम लागले. तिथे तो आपल्या साध्या कपड्यांत गेला होता आणि निघताना त्याने आम्हांला काही विचारले नव्हते.

तेव्हापासून या पट्ट्यातल्या पेहरावाकडे आम्ही विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू लागलो. पोशाखाविषयीचे सगळे सल्ले काय ल्यावे, कशावर काय शोभेल, हे सांगतात. इथे पहिला धडा काय उतरवावे हा आहे. आणि त्याची कारणे सौंदर्यशास्त्रात शोधायची नसतात. फिरत्या चकमध्ये बाहीचे टोक अडकले की आधी बाही जाते आणि मागोमाग हात. ड्रिलिंग मशिनवर हातमोजे घालणे नवख्याला शहाणपणाचे वाटते. तिथे मोजे घालू देत नाहीत, कारण फिरता ड्रिल मोज्याचा धागा पकडतो आणि मोजा बोटांना सोडत नाही. वेल्डिंगच्या विभागात टेरिकॉट चालत नाही, सुतीच हवे. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडते, कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. आमची ती रुबाबदार दुमड? वेल्डरच्या पँटीला दुमड असेल तर ठिणग्या नेमक्या तिच्यात जाऊन बसतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या बाविसाव्या कलमात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने घट्ट बसणारे कपडे घालावेत, आणि ते मालकाने पुरवावेत, असे लिहिलेले होते. कायद्याने एखाद्याच्या कपड्याच्या बेतापर्यंत यावे, ही आम्हांला तेव्हा मौज वाटली होती. आता वाटत नाही.

२००९ साली फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले आणि कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाच्या आसपास मोटारींची वसाहत भरू लागली. मोटारीच्या जुळणीत आणखी एक गंमत आहे. तिथल्या शर्टाची बटणे पट्टीखाली झाकलेली असतात, कमरेच्या पट्ट्याचे बक्कल दिसत नाही, घड्याळ नाही, अंगठी नाही; निघतच नसेल तर तिच्यावर चिकटपट्टी. हे माणसाला इजा होऊ नये म्हणून तर आहेच, पण गाडीला ओरखडा उठू नये म्हणूनही आहे. रंगविभागात तर कडक सोवळे. तंतू न सोडणारा अंगभर झगा, डोक्याला टोपडे, आणि केसांना जेल, अंगाला सुगंधी फवारे वर्ज्य. अशा प्रसाधनांत सिलिकोन असते. त्याचा कण ओल्या रंगावर पडला की रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि बारीकसा खळगा उरतो. त्याला फिशआय म्हणतात. एका विवाहेच्छू तरुणाने आम्हांला सांगितले होते की, मुलगी बघायला जायच्या दिवशी त्याला पहिली शिफ्ट होती, म्हणून तो सकाळी काहीही न लावता गेला आणि अत्तराची बाटली खिशात ठेवली. ती गेटवरच काढून घेतली गेली.

आतापर्यंत सांगितले ते सोपे. घड्याळ, टाय, अत्तर यांचे कुणाला फार दुःख होत नाही. गाठ पडते ती ज्यांना आपण दागिना म्हणतो पण जे दागिने नसतात त्यांच्याशी. वडिलांची अंगठी त्यांपैकी एक. आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ माळकरी होते, मूळचे देहूकडचे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला आली की हे दोन दिवस रजा टाकत आणि पांढऱ्या सदऱ्या-धोतरात असे काही उजळून निघत, की रोज निळ्या कपड्यांत सायकलवरून जाणारा माणूस तो हाच, हे पटू नये. हे ड्रिलिंगवर कामाला होते. गळ्यातले सर्व काही काढावे, असा नियम आला. माळ काढणे म्हणजे माळकरी न राहणे. सुपरवायझरही वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत पूर्वी एक अपघात झालेला होता. आठवडाभर दोघांत बोलणे नव्हते. अखेर शेजाऱ्यांनी पक्क्या दोऱ्यात ओवलेली माळ सोडवून ती कच्च्या सुतात पुन्हा ओवून घेतली, गळ्यालगत आखूड केली आणि गळ्यापर्यंत बंद होणाऱ्या बनियनखाली ठेवली. ओढ बसली तर माळ तुटावी, मान नव्हे. सुपरवायझरने सूत स्वतः ओढून पाहिले आणि हो म्हटले. कोणता पेहराव कोणत्या प्रसंगी, याविषयी याहून चांगला विचार आम्ही कुठल्या मासिकात वाचलेला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे सारे अधिक अवघड होते आणि अधिक मुकाट्याने झाले. १९७४ साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ओळ होती, आणि त्यावर सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने, म्हणजे पुढे सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखिकेने, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. टेल्कोची २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली, आणि अलीकडच्या वर्षांत तिच्या पिंपरीच्या कारखान्यात हॅरियर-सफारी गाड्यांची जुळणी केवळ स्त्रिया करतात अशी लाइन उभी राहिली. या दोन टोकांच्या मध्ये कुणी लिहून न ठेवलेला एक प्रश्न आहे: मंगळसूत्राचे काय करायचे? नात्यातली एक मुलगी चाकणला जुळणीच्या कामावर आहे. ती शिफ्टच्या आधी मंगळसूत्र काढून छोट्या डबीत घालते आणि डबी लॉकरमध्ये ठेवते. पहिल्या दिवशी सासूने विचारले तेव्हा तिने नियम सांगितला. सासू गप्प राहिली, आणि दुसऱ्या दिवशी डबीत ठेवायला हळदी-कुंकवाची पुडी दिली. बांगड्याही उतरतात, टिकलीही. "जोडवी मात्र बुटात राहतात," ती हसत म्हणाली. पोलादी टोपणाच्या सेफ्टी शूजमध्ये चांदीची जोडवी. ती कुणाला दिसत नाहीत, आणि गाडीला ओरखडाही काढत नाहीत.

जे निवडताच येत नाही असेही एक वस्त्र आहे. गणवेश सर्वांना समान करतो असे आम्हांला शाळेत शिकवले होते. इथे तो उलटे करतो. कायम कामगाराचा एक रंग, ठेकेदाराच्या माणसांचा दुसरा, प्रशिक्षणार्थ्यांचा तिसरा. काम पुष्कळदा तेच, एकाच लाइनवर, खांद्याला खांदा लावून. साहेबापासून शिपायापर्यंत सर्वांना एकच शर्ट देणाऱ्या कंपन्याही आहेत, नाही असे नाही. तिथेही गळ्यातल्या ओळखपत्राची फीत रंग सांगतेच. लग्नाच्या बाजारात हा रंग पत्रिकेच्या आधी पाहिला जातो. एका मध्यस्थ बाईंना आम्ही कानांनी विचारताना ऐकले आहे, "कपडे कंपनीचे की ठेकेदाराचे?" आणि आमच्याच इमारतीत मुलगी पाहायला एक मुलगा पहिल्या शिफ्टवरून थेट गणवेशात आला, तेव्हा आम्ही नाक मुरडले होते. मुलीचे वडील निवृत्त फिटर. त्यांनी खिशावरचे बोधचिन्ह भरतकामाचे आहे की छापील, हे पोहे येण्याच्या आतच पाहून घेतले होते. ते भरतकामाचे होते. आम्ही मुरडलेले नाक सरळ केले.

नोकरी गेल्यावरही काही महिने गणवेश घालून, डबा घेऊन, नेहमीच्या वेळी घराबाहेर पडणारा एक माणूस आमच्या माहितीत होता. त्याच्याविषयी अधिक लिहिणार नाही.

वर्षातून एक दिवस मात्र सगळे पालटते. खंडेनवमीला यंत्रे बंद असतात. आदल्या दिवशी त्यांना पुसून लखलखीत केलेले असते. सकाळी त्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, कुठे आंब्याची डहाळी. त्या दिवशी लेणी यंत्राच्या अंगावर असतात आणि माणसे आपापल्या कपड्यांत येतात. बायकोमुलांना आत येऊ देतात. पिंपरी कॅम्पातल्या दुकानांतून घेतलेले नवे शर्ट, कडक इस्त्री, जरीच्या साड्या, पोरींचे परकर-पोलके. रोज ज्याला केवळ रंगाने ओळखतो तो माणूस खरा कसा कपडे घालतो, हे शेजारच्या मशिनवाल्याला त्या दिवशी कळते. ठेकेदाराचा माणूस कोणता आणि कायम कोणता, हे दुपारपर्यंत तरी ओळखू येत नाही.

आमच्या त्या टर्नरच्या, म्हणजे आता भोसरीत स्वतःच्या तीन लेथ असलेल्या गृहस्थाच्या, वर्कशॉपवर आम्ही दर खंडेनवमीला जातो. गेल्या वर्षी तो आम्हांला घ्यायला दारापर्यंत आला तेव्हा त्याच्या हातात ती अंगठी होती. इतक्या वर्षांच्या कामाने बोटे जाड झाली आहेत. जुन्या बोटात ती आता जात नाही, करंगळीत घातली होती. पूजा झाली, पेढे झाले. एका पोराने कौतुकाने मशिन चालू करून पाहू का म्हणून विचारले, तर त्याने आधी अंगठी काढून बायकोच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाच्याला फोन केला. सुती बनियन आणि सुती मोजे पुष्कळ आण, असे सांगितले; सेफ्टी शूजमध्ये पाय फार घामेजतात. कामाचे कपडे कंपनी देईल, रंग कोणता ते विचारू नकोस. एक चांगला शर्ट-पँटीचा जोड हवा, पण तो तिकडून नको, इथे आल्यावर आपण बरोबर जाऊन घेऊ. भोसरी-पिंपरीकडच्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा गुरुवार टाळून. एवढ्यात ताईने त्याच्या हातून फोन घेतला. मुलगा पहिल्यांदा घराबाहेर पडतो आहे, तर आजोबांची सोन्याची साखळी त्याच्या गळ्यात घालावी असे तिच्या मनात होते.

"घाल की," आम्ही म्हटले, "गाडीत बसेपर्यंत घाल. मग काढून तुझ्याकडेच ठेव. खंडेनवमीला ये तेव्हा घेऊन ये."